कल्प, कातळ आणि ४५४ कोटी : मांडवातल्या फलकावर नेमके काय लिहायचे?

फलकवाला
यंदा आमच्या मंडळाने देखाव्याऐवजी 'सृष्टीचे वय' असे छोटे प्रदर्शन करायचे ठरवले आहे. मांडवाच्या एका बाजूला पुराणे आणि पंचांग, दुसऱ्या बाजूला विज्ञान. मजकुराचा कच्चा खर्डा देतोय. छपाईला जायच्या आत जाणकारांनी चुका काढाव्यात.

फलक १ : ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षे. पृथ्वीचे वैज्ञानिक वय ४५४ कोटी. म्हणजे आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होते.
फलक २ : कार्बन डेटिंगने सिद्ध झालेले पृथ्वीचे वय, ४५४ कोटी वर्षे.
फलक ३ : बायबलनुसार सृष्टी सहा हजार वर्षांची. म्हणून धर्म आणि विज्ञानाचे भांडण तिकडे आहे, आपल्याकडे नाही.
फलक ४ : पुण्याखालचा कातळ ६.६ कोटी वर्षांचा.

हेतू कुणाची टिंगल करण्याचा नाही. मूर्तीपुढे हात जोडून आलेल्या आजोबांना वाईट वाटू नये आणि मागून येणाऱ्या बारावी सायन्सच्या पोरांनी हसू नये, एवढे जमले तर हवे आहे.

तिथीवार
फलक १ आहे तसा छापू नका. ४३२ कोटी हा कल्पाचा पूर्ण पल्ला आहे, आजवर उलटलेला काळ नव्हे. उलटलेला किती, ते कोणत्याही पूजेच्या संकल्पात म्हटले जाते : द्वितीये परार्धे, श्रीश्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगचतुष्के, कलियुगे, प्रथमचरणे. पुढे 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' हा आपला पत्ता येतो. पत्त्याआधीच्या तारखेची बेरीज अशी :

महायुग ४३,२०,००० वर्षे. मन्वंतर ७१ महायुगांचे, म्हणजे ३०,६७,२०,००० वर्षे.
सहा मन्वंतरे झाली : १,८४,०३,२०,०००
कल्पारंभीचा एक आणि प्रत्येक मन्वंतरानंतरचा एक असे सात संधी (मधले जोडकाळ), प्रत्येकी १७,२८,००० : १,२०,९६,०००
सातव्या मन्वंतरातली २७ महायुगे : ११,६६,४०,०००
अठ्ठाविसाव्यातले कृत, त्रेता, द्वापर : ३८,८८,०००
गतकली, म्हणजे कलियुगाची उलटलेली वर्षे : शके १९४७ धरले तर १९४७ + ३१७९ = ५,१२६
एकूण : १,९७,२९,४९,१२६

म्हणजे सुमारे १९७ कोटी. तुलना करायचीच तर ४५४ कोटींशी हा आकडा लावावा लागेल, आणि तो निम्म्यालाही पोचत नाही. पूर्ण दिवसाची लांबी घेऊन 'जुळले' म्हणणे हे जानेवारीतल्या बाळाला वर्षाचे म्हणण्यासारखे झाले.

गणित_मावशी
तिथीवारांची बेरीज तपासली, बरोबर आहे. पण पंचांगात 'सृष्टितो गताब्दाः' पुढे बहुधा १,९५,५८,८५,१२६ छापलेले दिसेल. सूर्यसिद्धांत कल्पारंभानंतरची ४७,४०० दिव्य वर्षे सृष्टी घडवण्यात गेली असे मानतो. एक दिव्य वर्ष ३६० वर्षांचे, म्हणून १,७०,६४,००० वजा होतात. आर्य समाजाच्या गणनेत सात संधी धरलेले नाहीत, पण सृष्टिरचनेचा काळही वजा केलेला नाही. तिथे १,९६,०८,५३,१२६ येतात.

एकाच परंपरेत तीन उत्तरे आली, ती कुणी चुकले म्हणून नाही. नियम कुठले घ्यायचे यावर ती अवलंबून आहेत. आर्यभटाने तर चारही युगे सारखी, १०,८०,००० वर्षांची धरली, मन्वंतरात ७२ महायुगे घेतली आणि संधी काढूनच टाकले. त्याचा कल्प १,००८ महायुगांचा. 'हे स्मृतीला सोडून आहे' म्हणून ब्रह्मगुप्ताने त्याला धारेवर धरले. तेव्हा फलक ३ वरचे 'आपल्याकडे भांडण नाही' हे वाक्यही गळते.

फलकवाला
मग हे कोटींचे आकडे आले कुठून? निरीक्षणातून नाही का?

गणित_मावशी
निरीक्षण आहे, पण ते सृष्टीच्या जन्माचे नाही, ग्रहांच्या गतीचे आहे. ज्योतिषी लोकांना अपूर्णांक टाळून गणित करायचे होते. शनीला एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षे लागतात म्हणण्यापेक्षा 'अमुक इतक्या वर्षांत शनीच्या अमुक इतक्या पूर्ण फेऱ्या' असे सांगितले की त्रैराशिकाने कुठल्याही दिवसाचे मध्यम स्थान निघते. सगळ्या ग्रहांच्या, शिवाय त्यांच्या कक्षांवरच्या पात आणि मंदोच्च या सावकाश सरकणाऱ्या बिंदूंच्या फेऱ्या पूर्णांकात बसवायच्या तर काळ प्रचंड लांब घ्यावा लागतो. कल्प आणि महायुग हे त्या गणिताचे छेद आहेत. स्मृती-पुराणांतली युगे आणि हा छेद एकमेकांत मिसळले.

कलियुगाचा आरंभ, म्हणजे इसवी सनपूर्व ३१०२ चा फेब्रुवारी, हाही असाच मागे गणित करून मिळालेला बिंदू आहे. त्या वेळी सर्व ग्रह मेषारंभी एकत्र होते असे ग्रंथ धरतात. आजच्या गणिताने मागे गेले तर ग्रह एका भागात येतात, एका बिंदूत येत नाहीत. आर्यभट स्वतः आपला काळ सांगतो : कलीची ६० × ६० वर्षे झाली तेव्हा मी २३ वर्षांचा. म्हणजे इ.स. ४९९. आरंभबिंदूपासून साडेतीन हजार वर्षांनी बसून केलेले हे गणित आहे, आणि गणित म्हणून ते फार देखणे आहे. फलकावर त्याचे कौतुक याच शब्दांत करा.

कातळरेघ
आता फलक २. कार्बन डेटिंगने पृथ्वीचे वय निघत नाही. दगडाचे तर नाहीच नाही.

कार्बन-१४ चा अर्धायुष्यकाळ, म्हणजे त्यातले निम्मे अणू क्षय होऊन संपायला लागणारा काळ, ५,७३० वर्षे. दहा अर्धायुष्ये झाली की मूळच्या १,०२४ भागांतला एक उरतो. म्हणून मर्यादा सुमारे ५०,००० वर्षे, आणि तीही कधीकाळी जिवंत असलेल्या वस्तूंसाठी : लाकूड, कोळसा, हाड, धान्य. मर्यादेजवळ भेसळ जीव घेते. लाखो वर्षे जुन्या कोळशात फक्त १ टक्का आजचा कार्बन शिरला, मुळांमधून म्हणा किंवा हाताळण्यातून, तर उत्तर ३७-३८ हजार वर्षे येते. 'दगडी कोळशातही कार्बन-१४ सापडला, म्हणजे पृथ्वी तरुण' असे जे फिरते, त्याचे बरेचसे उत्तर या एका गणितात आहे.

४५४ कोटी हा आकडा युरेनियम-शिसे पद्धतीच्या घराण्यातला. क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) ४५५ कोटी, अधिक-उणे ७ कोटी, असे वय काढले. उल्का का? कारण पृथ्वीचे कवच सतत वितळते, घडी पडते, पुन्हा बनते. इथला जन्मावेळचा दगड शिल्लक नाही. सर्वांत जुने कण झिरकॉन या खनिजाचे, ऑस्ट्रेलियातले, सुमारे ४४० कोटींचे.

फलक ४ चा आकडा बरोबर आहे, पण तो कशाचा ते लिहा : लाव्हा थंड होऊन घट्ट झाला, त्या घटनेचा.

चौकस
या सगळ्यांत गृहीतके आहेतच ना? क्षयाचा वेग कायम होता, सुरुवातीला दगडात क्षयातून होणारा अर्गॉन वायू नव्हता, मधे काही आत-बाहेर झाले नाही. एका बाजूच्या गृहीतकांना गणित म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूच्यांना सत्य, हा न्याय कुठला?

कातळरेघ
प्रश्न रास्त आहे. गृहीतके आहेत, पण ती तपासता येतात, आणि मोडतात तेव्हा मोडलेली दिसतात.

दख्खनच्या बेसाल्टचेच, म्हणजे लाव्हाच्या काळ्या दगडाचेच घ्या. पोटॅशियम-४० चा अर्धायुष्यकाळ सुमारे १२५ कोटी वर्षे. त्याचा साधारण नवव्या-दहाव्या हिश्श्याचा अर्गॉन-४० होतो, बाकीचा कॅल्शियम. जुनी पद्धत अशी होती की दगडाचा तुकडा वितळवायचा, सगळा अर्गॉन मोजायचा, वय काढायचे. दख्खनसाठी या पद्धतीची वये फार पसरलेली आली. कारणे दोन. लाव्हा झटकन थंड झाला की खोलवरचा जुना अर्गॉन आत कोंडला जातो आणि वय खरे असेल त्याहून जास्त येते. उलट दगड कुजला की अर्गॉन निसटतो आणि वय कमी येते.

पुण्याच्या आसपासच्या खाणींत दगडातल्या पोकळ्या पांढऱ्या झिओलाइटने भरलेल्या दिसतात. वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट तर जगभरचे संग्राहक मागतात. हे स्फटिक लाव्हा थंड झाल्यावर, पाणी झिरपून नंतर झालेले. असा तुकडा दळून मोजला तर दोन घटनांची सरासरी हाती येते, म्हणजे कशाचेच वय नाही.

म्हणून आता नमुना लाव्हाच्या प्रवाहाच्या मधल्या, घट्ट, पोकळ्या नसलेल्या भागातून घेतात. वरची कुजलेली साल काढतात, दगड फोडून फेल्डस्पारचे ताजे कण भिंगाखाली वेचतात, सौम्य आम्लाने धुतात. मग अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करून पोटॅशियम-३९ चा अर्गॉन-३९ करतात. वय माहीत असलेले प्रमाण खनिज त्याच डबीत शेजारी ठेवलेले असते. नंतर नमुना टप्प्याटप्प्याने तापवतात आणि प्रत्येक टप्प्याचे वेगळे वय काढतात. लागोपाठचे किमान तीन टप्पे, एकूण अर्गॉन-३९ पैकी निम्म्याहून अधिक वायू देणारे, एकाच वयावर आले तर ते पठार ग्राह्य. आलेख खोगिरासारखा मधे खचलेला आला तर जादा अर्गॉनची शंका घेतात. पायऱ्यांसारखा चढत गेला तर अर्गॉन निसटला असावा. अशा नमुन्याला वय देत नाहीत.

त्यावर दुसऱ्या घड्याळाची साक्ष काढतात. घाटात दोन प्रवाहांमधे जो तांबडा मातकट पट्टा दिसतो, तशा काही थरांतून ज्वालामुखी राखेचे झिरकॉन मिळाले. झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. शिवाय त्यात दोन घड्याळे एकदम चालतात : युरेनियम-२३८ चे ४४७ कोटी वर्षांचे आणि २३५ चे ७०.४ कोटींचे. शिसे निसटले असेल तर दोन्ही उत्तरे वेगळी येतात, चोरी लपत नाही. दोन्ही पद्धतींनी दख्खनचा मोठा भाग सुमारे दहा लाख वर्षांच्या आत, ६.६ कोटींच्या आगेमागे ओतला गेला असे येते.

रेडिओ_खोडद
क्षयाचा वेग पूर्वीही हाच होता का, याला आकाशातून थेट उत्तर आहे. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत अतिनवतारा फुटलेला दिसला. अंतर सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे. त्याचा प्रकाश पुढे ज्या वेगाने मंदावला तो कोबाल्ट-५६ च्या ७७ दिवसांच्या अर्धायुष्याशी जुळला. प्रयोगशाळेत मोजतो तोच वेग, आणि ती घटना १ लाख ६८ हजार वर्षे जुनी.

आणखी मागे जायचे तर गॅबनमधले ओक्लो. तिथे सुमारे १७० ते २०० कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या साठ्यातच नैसर्गिक अणुभट्टी पेटली होती. तिने मागे ठेवलेल्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून अणुगर्भातले बल तेव्हाही आजच्याइतकेच होते असे निघते.

शिवाय आपल्या जिल्ह्यातले उदाहरण फलकावर हवेच. खोडदच्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीने, म्हणजे ४५ मीटरच्या ३० थाळ्यांनी, एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संदेश टिपल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. हायड्रोजनची मूळ वारंवारता १,४२० मेगाहर्ट्झ. विश्व प्रसरण पावल्यामुळे ती २.२९ पट ताणली गेली आणि ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास मिळाली. संदेश ८८० कोटी वर्षे वाटेत होता. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाने तो मोठा केला म्हणून पकडता आला.

नदीकाठी
पुरातत्त्वाच्या अंगाने भर घालतो. 'तारीख कशाची' हा प्रश्न पुण्यातल्या पाताळेश्वराच्या लेण्याला लावून पाहा. कातळ ६.६ कोटींचा, लेणे आठव्या शतकाच्या सुमाराचे. दगडाचे वय काढून लेण्याचे वय मिळत नाही, आणि लेण्याच्या वयाने दगडाला काही फरक पडत नाही. हाच घोळ लाकडात होतो. कार्बनची तारीख ते कडे झाडात वाढले तेव्हाची असते, खांब उभा केला तेव्हाची नाही. शे-दोनशे वर्षांच्या सागाच्या गाभ्यातला तुकडा घेतला तर वाडा बांधणाऱ्याच्या पणजोबांची तारीख येईल. म्हणून इनामगावसारख्या उत्खननात जळके धान्य मिळाले तर सोने. धान्य एका हंगामाचे असते.

चौकस यांना एक शस्त्र मीच देतो : जुन्नर तालुक्यातले बोरी, कुकडीकाठ. तिथे दगडी हत्यारांबरोबर ज्वालामुखीची राख सापडली. पहिले वय आले सुमारे १४ लाख वर्षे. मग दुसऱ्या पद्धतीने ६.७ लाख. राखेचा रासायनिक ठसा पाहणाऱ्यांपैकी काहींनी सांगितले की ही इंडोनेशियातल्या तोबा ज्वालामुखीची सर्वांत अलीकडची राख, म्हणजे फक्त ७५ हजार वर्षांची. नदीने वाहून आणलेल्या राखेत जुने खनिजकण मिसळले की असा गोंधळ होतो. फलकावर हे जरूर घ्या. आकडा एकोणीस पटींनी हलला आणि भांडण उघड्यावर, नमुने समोर ठेवून झाले.

चौकस
धन्यवाद. म्हणजे उद्या ४५४ कोटीही हलतील.

नदीकाठी
बोरीला एक ठिकाण आणि भेसळीची राख आहे. ४५४ कोटींना वेगवेगळ्या उल्का, चंद्रावरचे दगड आणि परस्परांशी संबंध नसलेली चार-पाच मूलद्रव्ये आहेत. हलेल ते दशांशचिन्हापुढे.

रेडिओ_खोडद
विश्वाच्या वयाबाबत मात्र आकडा खरोखर हलला आहे, आणि तो इतिहास फलक १ साठीच आहे. ९७७.८ ला प्रसरणाच्या वेगाने, म्हणजे हबल स्थिरांकाने, भागले की ढोबळ वय अब्ज वर्षांत येते. १९२९ मध्ये हबलचा स्थिरांक सुमारे ५०० होता. ९७७.८ ÷ ५०० = १.९५५६ अब्ज, म्हणजे १९५.५६ कोटी. आता गणित_मावशींचा पंचांगातला आकडा बघा : १९५.५९ कोटी!

व्हॉट्सअ‍ॅप १९३० मध्ये असते तर सूर्यसिद्धांताने विश्वाचे वय दशांशापर्यंत सांगितल्याचा संदेश घरोघरी गेला असता. मग १९४० च्या दशकात होम्स या भूवैज्ञानिकाने पृथ्वीचेच वय ३०० कोटींच्या वर काढले, विश्व स्वतःच्या लेकीपेक्षा लहान ठरले, आणि १९५२ मध्ये बाडे या खगोलशास्त्रज्ञाने दाखवले की अंतरे मोजायच्या ताऱ्यांचे दोन प्रकार एकात मिसळले होते. स्थिरांक घसरत गेला. आज तो एका मोजणीने ६७, दुसरीने ७३ येतो आणि त्यावरून वाद आहे, पण तो १,३८० कोटींच्या शेजारपाजारचा वाद आहे. जे आकड्याला श्रद्धा बांधतात त्यांना प्रत्येक दुरुस्तीबरोबर श्रद्धा सोडवून पुन्हा बांधावी लागते.

कॅम्पवासी
हे आमच्या ख्रिस्ती लोकांकडेही घडलेले आहे. १९५१ मध्ये पोप बाराव्या पायसने भाषणात महास्फोटाचा संबंध 'प्रकाश होवो'शी जोडला. महास्फोटाची कल्पना मांडणारा लमेत्र् स्वतः कॅथलिक धर्मगुरू. त्यालाच ते रुचले नाही. सिद्धांत उद्या बदलला तर काय, शिवाय भौतिकी आणि श्रद्धा या वेगळ्या वाटा, असे त्याचे म्हणणे होते.

म्हणून फलक ३ बदला. इ.स.पू. ४००४ ही सृष्टीच्या आरंभाची तारीख बायबलमध्ये कुठे छापलेली नाही. आयर्लंडच्या आर्चबिशप अशरने १६५० मध्ये वंशावळ्यांची वये आणि राजांच्या कारकिर्दी जोडून ती काढली. तिथीवारांच्या बेरजेसारखीच बेरीज आहे ती. ज्यूंची बेरीज इ.स.पू. ३७६१ वर येते, पुण्यातल्या लाल देवळातल्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या कॅलेंडरला विचारा. आणि सृष्टीचे सहा दिवस शब्दशः घेऊ नयेत असे सेंट ऑगस्टीन पाचव्या शतकातच लिहून गेला. आजही शब्दशः घेणारे ख्रिस्ती आहेत, सगळे नाहीत.

तिथीवार
सहमत. जैन मंडळीही मांडवात येणार. त्यांच्या मते विश्व अनादी, कर्ता नाहीच. 'आपल्याकडे' म्हणताना ते कुठे बसतात?

पूर्वपक्ष
श्रद्धेच्या बाजूचा फलक आकड्यांवर उभा करूच नका. परंपरेत दुसरे साधन आहे : कुठल्या विषयात कुठले प्रमाण. तैत्तिरीय उपनिषदात आधी आकाश, मग वायू, अग्नी, आप, पृथ्वी. छांदोग्यात आधी तेज, मग आप, मग अन्न. हा विरोध शंकराचार्यांनी लपवला नाही. क्रम जुळवून पाहिला, आणि शिवाय सांगितले की या वाक्यांचे तात्पर्य सृष्टीचा वृत्तांत देण्यात नाही, ब्रह्म सांगण्यात आहे. गीताभाष्यात अठराव्या अध्यायात तर सरळच : 'अग्नी थंड आहे' असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी ते प्रमाण होत नाही. प्रत्यक्षाचा प्रांत प्रत्यक्षाचा.

त्याशेजारी ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताची (सृष्टी कुठून आली असे विचारणाऱ्या) शेवटची ऋचा लावा. जो याचा अध्यक्ष परम व्योमात आहे, त्याला हे ठाऊक असेल, 'यदि वा न वेद', किंवा नसेलही. आजोबा आणि बारावीची पोरे, दोघेही थांबून वाचतील.

चौकस
आणि देवाने सृष्टी जुनीच दिसेल अशी काल निर्माण केली असे कुणी म्हणाले तर?

पूर्वपक्ष
म्हणू द्या. १८५७ मध्ये फिलिप गॉस या निसर्ग-अभ्यासकाने इंग्लंडात तेच म्हटले होते. खोडता येत नाही, कारण कुठल्याच दगडाला ते काही विचारत नाही. चर्चमधल्यांनाही देव खोटे पुरावे पेरतो हे आवडले नाही.

गणित_मावशी
फलकवाला, शेजारी-शेजारी दाखवायचेच असेल तर एक पट्टी करा. १ सेंटिमीटर = १ महायुग. कल्प बरोबर १० मीटर. मापे देते :

आजपासून मागे कल्पारंभ ४.५७ मीटर, आजपासून पुढे कल्पान्त ५.४३ मीटर
कलियुग पूर्ण १ मिलिमीटर, त्यातला उलटलेला भाग ०.०१२ मिमी
अशरची सहा हजार वर्षे ०.०१४ मिमी, कार्बनची मर्यादा ०.१२ मिमी
आधुनिक मानव, सुमारे ३ लाख वर्षे, ०.७ मिमी
दख्खनचा लाव्हा १५.३ सेंमी
पृथ्वी १०.५१ मीटर, खोडदला आलेला संदेश २०.३७ मीटर, विश्व ३१.९४ मीटर

'आज'ची रेघ ठळक लाल घ्या. कलियुगाचा मिलिमीटर दिसावा म्हणून तिथे भिंग टांगा, पण लाल रेघ स्वतःच दोन मिमी जाड झाली तर त्यात अख्खे कलियुग बुडेल. रेघ ०.२ मिमीच्या वर नको.

फलकवाला
मांडव १४ मीटर लांब आहे. पट्टी पृथ्वीपर्यंत सरळ नेतो, विश्व भिंतीवरून दोन वळसे घालून. कल्पान्ताचे ५.४३ मीटर पुढच्या बाजूला मावत नाहीत, तिथे बाण काढतो. फलक १ वर आता तिन्ही गणना आणि शेजारी हबलचा १९२९ चा आकडा. फलक २ वरून कार्बन काढला, पॅटरसन घातला. फलक ३ वर अशर, ज्यू पंचांग आणि संकल्प, तिन्ही बेरजा एका ओळीत. बोरीला स्वतंत्र फलक. लोकांना हात लावायला बेसाल्टचा तुकडाही ठेवतोय.

कातळरेघ
दोन तुकडे ठेवा. एक घट्ट काळा, एक झिओलाइटवाला. दुसऱ्यावर '६.६ कोटी' अशी एकच चिठ्ठी लावू नका. काळ्या भागाला ६.६ कोटी, पांढऱ्याला 'त्यानंतरचे'. आणि तुकडे खाणवाल्याकडून मागून घ्या, सिंहगडावरून उचलू नका.